ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? आधी या चुका टाळा

दिवाळीच्या आधी आणि बारावीच्या निकालानंतर मला ठरावीक फोन येतात. "दादा, कोणतं कार्ड घेऊ?" मी विचारतो, गेम चालू असताना आत्ताचं कार्ड किती टक्के वापरात असतं? बहुतेकांनी ते कधी पाहिलेलंच नसतं. गेम अडकते म्हणजे कार्ड जुनं झालं, एवढ्यावर तीस-चाळीस हजारांचा निर्णय झालेला असतो. घरच्यांनी काटकसर करून दिलेले पैसे असे जाताना पाहून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

चूक पहिली आणि सगळ्यात महागडी: न मोजता कार्डाला दोष देणं

आमच्याच सोसायटीतला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांच्या बोनसमधले थोडे पैसे आणि शिकवण्या घेऊन स्वतः साठवलेले बाकीचे, असे जमवून त्याने आरटीएक्स ३०६० हे कार्ड घेतलं. जुनं जीटीएक्स १०६० त्याआधीच मित्राला विकून टाकलेलं. नवं कार्ड बसवलं आणि व्हॅलोरंट ही गेम जशी आधी चालायची तशीच चालायला लागली. दुकानदाराने खराब कार्ड दिलं, अशी त्याची खात्री झाली. मला बोलवायला आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "बाबांना काय सांगू?" एवढंच म्हणाला.

मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो होतो, पण आधी कॅबिनेट उघडलंच नाही. एमएसआय आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, गेमच्या कोपऱ्यात आकडे दिसतील असं केलं आणि त्याला खेळायला सांगितलं. कार्डाचा वापर ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्ध्याहून जास्त कार्ड रिकामं बसलेलं. प्रोसेसर रायझन ५ २६००, आणि रॅम? ८ जीबीची एकच स्टिक. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा) होता, पण विंडोजमध्ये तो ६० वरच राहिलेला. दोन वर्षं तो मुलगा चांगल्या मॉनिटरवर ६० हर्ट्झ बघत होता आणि त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

हर्ट्झ बदलायला अर्धं मिनिट लागलं. दुसऱ्या दिवशी तशीच ८ जीबीची स्टिक आणून लावली. रॅमच्या दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी एकदम माहिती मिळते. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर बहुधा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी ही रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंगही बंदच होती, ती चालू केली. त्याशिवाय ३२०० वेगाची रॅम घेतली तरी ती कमी वेगाने चालते आणि रायझनला रॅमचा वेग फार जाणवतो. एवढ्यावर गेम स्थिर झाली. पुढे त्याने बोर्डचं बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० टाकला, तेव्हा कुठे त्या कार्डाचं चीज झालं. अपडेट आधी करायचं आणि प्रोसेसर नंतर काढायचा, कारण जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही आणि पडदा काळा राहतो.

माझी स्वतःची पद्धत साधी आहे. जी गेम रोज खेळता तीच लावा आणि पंधरा-वीस मिनिटं खेळा. व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्सची, मर्यादा बंद ठेवा. कार्ड ९५ ते ९९ टक्क्यांवर टिकून असेल तर अडवणूक कार्डाची आहे. ते ५०-६० वर घुटमळत असेल तर नवं कार्ड काही करणार नाही. खात्री नसेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. एफपीएस वाढले नाहीत तर दोष प्रोसेसरचा किंवा रॅमचा. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसतो म्हणून "प्रोसेसर तर निवांत आहे" असं समजू नका. तो सगळ्या कोअरचा मिळून आकडा असतो. गेमचं मुख्य काम एकाच कोअरवर साचलेलं असू शकतं.

यूट्यूबवरचे तक्ते पाहून निर्णय घेणाऱ्यांना एकच सांगतो: कार्डांची तुलना करणारे मुद्दाम उपलब्ध असलेला सगळ्यात ताकदवान प्रोसेसर लावून ती करतात, म्हणजे फरक फक्त कार्डाचा दिसतो. तुमच्या रायझन २६०० सारख्या प्रोसेसरवर तो आकडा येणार नाही.

एसएमपीएसकडे (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे) पाठ फिरवणं

नाशिकच्या माझ्या एका मित्राचा पीसी सायबरपंक २०७७ ही गेम चालू केली की दहा मिनिटांत बंद होऊन पुन्हा चालू व्हायचा. त्याने नवं आरटीएक्स ३०६० दोनदा वॉरंटीत पाठवलं, दोन्ही वेळा "दोष नाही" म्हणून परत आलं. मी गेलो आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस बाहेर काढला. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट. शेजारच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या लाइनपुढे १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॉट. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच लाइनवर जगतात. ३०६० ला १७० वॉट लागतात, भरात आलेला प्रोसेसर ८०-९० घेतो. बेरीज तुम्हीच करा. शिवाय कार्ड क्षणभर आपल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त ओढतं, ते वेगळंच. या कार्डासाठी त्याची मूळ कंपनी एनव्हिडिया ५५० वॉटचा एसएमपीएस सांगते, ते उगाच नाही.

त्याहून मला भीती वाटली ती कनेक्टरची. एसएमपीएसला ८ पिनची वायर नव्हती, म्हणून दोन मोलेक्स (जुन्या पद्धतीच्या चार पिनच्या वायरी) जोडून ८ पिन करणारा कन्व्हर्टर लावलेला, आणि त्याचं प्लास्टिक एका कडेला पिवळं पडून मऊ झालेलं. बोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॉट अशी ही व्यवस्था आखलेली आहे. कन्व्हर्टरने पिना वाढतात, मागच्या एसएमपीएसची ताकद वाढत नाही. मी कन्व्हर्टर वापरत नाही आणि कोणाला वापरूही देत नाही. चांगल्या एसएमपीएससाठी पैसे उरत नसतील तर दोन महिने थांबा. थांबल्याने काहीच जळत नाही.

याच्याच पोटातली एक चूक: मॉड्युलर (केबल्स सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्याच केबल्स ठेवणं. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येक कंपनीची वेगळी असू शकते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी गेलीच. नव्या एसएमपीएसबरोबर त्याच्याच केबल्स.

बाकीच्या, थोडक्यात

एचडीएमआय केबल बोर्डच्या पोर्टमध्ये लावणं. केबल कार्डालाच लावा. हे तपासल्याशिवाय मला फोन करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कार्ड ८३-८४ अंशांवर जाऊन मंदावत असेल तर आधी धूळ काढा आणि चिपवरची थर्मल पेस्ट बदला. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा.

कॅबिनेटमध्ये जागा किती, ते टेपने मोजा. पुढचे पंखे किंवा रेडिएटर वजा करून.

आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डाला पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या जोडणीच्या) चारच लेन आहेत. पीसीआयई ३.० च्या जुन्या बोर्डवर त्याची वाट निम्मी होते, आणि ते घेणारे बहुतेक जण जुन्या बोर्डवालेच असतात. मी सुचवत नाही.

एएमडीच्या रॅडिऑनवरून एनव्हिडियाच्या जीफोर्सवर किंवा उलट जाताना सेफ मोडमध्ये डीडीयू हे ड्रायव्हर पुसणारं सॉफ्टवेअर चालवून जुने ड्रायव्हर काढा.

जुनं कार्ड घ्यायला माझा विरोध नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि त्या कामातली ढीगभर कार्डं बाजारात आली. त्यातली कित्येक उत्तम चालतात. पण मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की ओळखीतला कोणी, पैसे देण्याआधी अर्धा तास गेम चालवून बघा, पंख्यांचा आवाज ऐका आणि जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. जुन्या चिपवर नवं नाव चढवून विकलेली कार्डं त्यात बऱ्याचदा उघडी पडतात. "वेळ नाही, विश्वास ठेवा" म्हणणाऱ्याकडून मी उठून येतो.

आणि जुनं कार्ड लगेच विकू नका. त्या मुलाने १०६० आधीच विकलं नसतं, तर दोन्ही कार्डं आलटून पालटून लावून दोष कार्डात नाही हे त्याला घरबसल्या दहा मिनिटांत कळलं असतं. नवं कार्ड निदान पंधरा दिवस नीट चालू द्या, मग जुन्याला गिऱ्हाईक शोधा.