एनएचएल ड्राफ्टच्या मार्गदर्शिका कशा पडताळाव्यात

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीग; तिचे संघ दरवर्षी ड्राफ्टमध्ये तरुण खेळाडू निवडतात आणि मार्गदर्शिका त्या खेळाडूंची आधीच वर्णने व क्रमवारी देतात. दोन मार्गदर्शिकांची तुलना करताना क्रमवारीपेक्षा खेळाडूंची वर्णने आधी वाचावीत. ‘स्केटिंग उत्तम’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा, बचावपटू दबावाखाली पक (खेळाची चकती) आपल्या भागातून कसा बाहेर काढतो हे सांगणाऱ्या निरीक्षकाने सामने खरोखर पाहिले असण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर जन्मतारीख पाहावी: १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण होणारा खेळाडू त्या वर्षी पात्र ठरतो, त्यामुळे एकाच यादीतील दोन मुलांच्या वयात जवळपास वर्षाचे अंतर असू शकते आणि ते लक्षात न घेता केलेली गुणांची (गोल आणि गोलसाहाय्य यांच्या बेरजेची) तुलना फसवी ठरते. कनिष्ठ लीगमधील गुण आणि स्वीडनच्या वरिष्ठ लीगमध्ये प्रौढांविरुद्ध मिळवलेले गुण यांनाही एकच माप लावता येत नाही. सेंट्रल स्काउटिंग हा एनएचएलचा खेळाडू-निरीक्षण विभाग उत्तर अमेरिकी व युरोपीय खेळाडूंच्या याद्या वेगळ्या ठेवतो. त्या आपल्या मनाने एकत्र करू नयेत.

शेवटी त्याच लेखकाची पाच वर्षांपूर्वीची मार्गदर्शिका काढून तिचे अंदाज किती खरे ठरले ते बघावे. मात्र १९९८ मध्ये पुढे मोठा तारा ठरलेला पावेल दात्सुक १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला होता, हे ध्यानात ठेवून एखाद्या चुकीवरून निकाल देऊ नये.