तुलूझ ते बेझिए, कालव्याच्या काठानं: ग्रॅव्हल सायकल आणि मुळांचा टप्पा

दक्षिण फ्रान्समधल्या कानाल द्यु मिदी या कालव्याच्या काठानं सायकलनं जायचंय असं म्हटलं की हमखास एक सल्ला मिळतो: "कालव्याची वाट आहे, सपाट असते, कुठलीही सायकल चालेल." हा सल्ला देणारे बहुतेक तुलूझहून पहिले पन्नास किलोमीटर जाऊन परत आलेले असतात. तेवढी वाट खरोखर डांबरी आहे. पुढे ओद जिल्हा लागतो, डांबर संपतं, आणि तिथून बेझिएपर्यंत बहुतेक ठिकाणी माती, खडी, गवतातल्या चाकोऱ्या आणि झाडांची मुळं. मी ही वाट सहा वेळा केली आहे. त्यातल्या पहिल्या दोन वेळा मुळांच्या टप्प्यात माझे हाल झाले, म्हणून तो टप्पा इथे सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

सायकल ग्रॅव्हलच, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची घ्या, टायर किमान ४० मिलिमीटर रुंद. दोन जादा ट्यूब आणि हवेचा आकडा दाखवणारा पंप जवळ हवाच. मे-जून किंवा सप्टेंबरात जा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं, आणि पूर्वीसारखी सलग सावली आता राहिलेली नाही.

दिशा तुलूझकडून बेझिएकडे. 'सेर' नावाचा वायव्येचा वारा या भागात जोरात वाहतो, तो पाठीशी राहतो. अंदाजात 'ओताँ', म्हणजे आग्नेयेचा वारा दिसला तर निघू नका. तो सुरू झाला की कित्येक दिवस थांबत नाही, आणि लोरागे भागातल्या उघड्या शेतांमध्ये तो समोरून येत असताना पॅडल मारणं ही नुसती झटापट होते.

चार दिवस ठेवा. पहिला मुक्काम कास्तेलनोदारी, साधारण ६५ किलोमीटर. दुसरा कार्कासोन, ४०. तिसरा ले सोमाई, ६०. चौथ्या दिवशी बेझिए, ४० च्या आसपास. तीन दिवसांत उरकणारे लोक भेटतात, पण त्यांनी वाटेतलं काहीच पाहिलेलं नसतं.

पहिल्या दिवशी नोरूझला थांबायचंच. समुद्रसपाटीपासून सुमारे १८९ मीटरवरचा हा उंचवटा. इथलं पाणी एकीकडे अटलांटिकला जातं, दुसरीकडे भूमध्य समुद्राला. दोन समुद्र कालव्यानं जोडायचे ही कल्पना जुनीच होती, अडत होतं ते एका प्रश्नावर: माथ्यावर पाणी आणायचं कुठून? पिएर-पॉल रिके हा मिठाचा कर गोळा करणारा माणूस, इंजिनिअर नव्हे. त्यानं मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवले, सें-फेरेऑलला धरण बांधलं आणि पाटानं ते पाणी नोरूझला आणलं. १६६६ मध्ये चौदाव्या लुई राजानं मंजुरी दिली, १६८१ मध्ये कालवा खुला झाला. रिके त्याआधी काही महिने वारला. नोरूझला पाटाचं पाणी कालव्याला मिळतं त्या जागी दहा मिनिटं उभे राहा. साडेतीनशे वर्षं झाली, पाणी अजून त्याच वाटेनं येतं. हाताशी एक जादा दिवस असेल तर या पाटाच्या काठानं रेव्हेलपर्यंत जाऊन या. झाडीतली, जवळजवळ निर्मनुष्य कच्ची वाट आहे.

दुसरा दिवस सोपा. कार्कासोनच्या किल्ल्यात संध्याकाळी सहानंतर जा, गर्दी ओसरलेली असते. बुरुजांची टोकदार छपरं एकोणिसाव्या शतकातला वास्तुकार व्हियोले-ल-द्यूक याच्या जीर्णोद्धारातली आहेत, तटाच्या खालच्या भागात मात्र रोमन काळातलं दगड-विटांचं काम अजून दिसतं. सायकल मुक्कामीच ठेवा, आतल्या फरसबंदीवर तिचा उपयोग नाही.

आता तिसरा दिवस. कार्कासोनच्या पुढचं त्रेब गाव सोडलं की ले सोमाईपर्यंत अधूनमधून मुळांचे पट्टे लागतात. काठावर प्लाटानची झाडं आहेत, काश्मीरच्या चिनाराचे भाऊबंद. त्यांची मुळं काठ धरून ठेवतात आणि वाटेखालून आडवी जातात. मनगटाएवढी, कुठे मांडीएवढी जाड. वरची माती झिजून ती उघडी पडली आहेत, आणि दोन मुळांमध्ये हातभर अंतरसुद्धा नसतं.

पहिल्या खेपेला मी टायर टणक फुगवून गेलो, ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या मित्राचा सल्ला होता, "हवा भरपूर ठेव, पंक्चर होत नाही." मार्सेयेत गावाच्या पुढे तासाभरात बोटं बधिर झाली. चाक प्रत्येक मुळावरून उडत होतं, जमिनीला टेकतच नव्हतं. एका तिरक्या मुळावर पुढचं चाक घसरलं आणि मी डाव्या कुशीवर आपटलो. पाणी तिथून दीड मीटरवर होतं. काठाला कठडा नाही, हे कायम लक्षात ठेवा.

दुसऱ्या खेपेला उलट केलं. हवा इतकी सोडली की मुळावर आदळताच टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमखाली चिमटली. ट्यूबवर शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा, साप चावल्यासारख्या. एका दुपारी दोनदा. दुसरी जादा ट्यूब गेली तेव्हा सात किलोमीटर सायकल ढकलत नेली.

म्हणून हवेचं गणित त्रेबला, मुळं सुरू होण्याआधी करा. वजन सत्तरच्या आसपास, सामान दहा किलो, टायर ४२ मिलिमीटर ट्यूबलेस, तर पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय. ट्यूब असेल तर दोन्हीकडे सात-आठ जास्त. फ्रान्समधल्या पंपांवर आकडा बारमध्ये असतो: ३० म्हणजे २.१ बार, ३४ म्हणजे २.३. तुमचं वजन वेगळं असेल तर हे आकडे फक्त सुरुवातीला धरा आणि मग तपासा. सामान लादलेल्या सायकलवर बसून एखाद्या दगडी कडेवरून मागचं चाक सावकाश खाली घ्या. रिम टेकल्याचा 'टक्' आवाज आला तर दोन पीएसआय वाढवा. आवाज नाही, पण हादरा थेट कमरेत आला, तर दोन कमी करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढचा अख्खा दिवस त्यावर अवलंबून असतो. अंगठ्यानं दाबून अंदाज बांधू नका, अंगठा फसवतो.

हवेनंतर अंग. मुळांच्या पट्ट्यात बसून राहायचं नाही. दोन्ही पॅडल एका पातळीवर आणा, बुड सीटवरून दोन बोटं उचला, कोपर आणि गुडघे सैल सोडा. हँडल आवळून धरू नका. मूळ काटकोनात घ्या. तिरकं असेल तर आधी सायकल वळवून त्याला सामोरं जा. ब्रेक मुळाच्या आधी लावा, मुळावर कधीच नाही. ओलं मूळ शेवाळलेल्या पायरीसारखं असतं, तिथे उतरून चाला. यात कमीपणा वाटून घेऊ नका. वाटेला दोन चाकोऱ्या असतील तर झाडांपासून लांबची धरा. आणि काळा चष्मा काढा: पानांतून पडणाऱ्या कवडशांमध्ये मूळ आणि सावली वेगळी ओळखू येत नाही. मी तिरक्या मुळावर घसरलो तेव्हा डोळ्यांवर काळा चष्माच होता.

मध्येच झाडी एकदम संपते. ऊन अंगावर येतं, दोन्ही काठांवर खोडांचे बुंधे किंवा कोवळी रोपं दिसतात. २००६ मध्ये या कालव्यावर प्लाटानला बुरशीचा रोग आढळला. त्यावर औषध नाही. लागण झालेलं झाड आणि त्याच्या शेजारची झाडं तोडून जाळावी लागतात, अशी हजारो गेली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी युरोपात आली असं मानतात. या उघड्या भागात सायकल छान पळते, पण मला तिथून जाताना दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही निदान एवढं करा: झाडाला साखळी आवळून सायकल बांधू नका, सालीला जखम झाली की बुरशीला वाट मिळते.

कडेच्या रेताड जागी सराटे असतात. हो, आपल्या माळावरचेच, पिवळ्या फुलांचे. विश्रांतीला सायकल गवतात आडवी टाकलीत की टायरमध्ये काटा आलाच. ट्यूबलेसमध्ये ओतलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, हे भोक बुजवतो, म्हणून माझं मत ठाम आहे: या वाटेला ट्यूबलेसच.

पाऊस झाला असेल तर इथली चिकणमाती टायर आणि फोर्कच्या मध्ये थापली जाते आणि चाक अडतं. अशा वेळी द्राक्षमळ्यांमधले छोटे डांबरी रस्ते घ्या. नकाशात जवळ दिसतो म्हणून डी ६१० या मोठ्या रस्त्यावर जाऊ नका, तिथे ट्रक असतात.

पाणी आणि खाणं: बेकरीत सकाळीच पाव घेऊन ठेवा. खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, सोमवारी अनेकदा दिवसभर. पाण्यासाठी गावाबाहेरचं कब्रस्तान शोधा, बहुतेक ठिकाणी नळ असतो. 'नों पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही.

चौथा दिवस रमत जायचा. ले सोमाईच्या आधीपासूनच, बेझिएच्या फोंसरानपर्यंत ५४ किलोमीटरमध्ये एकही जलद्वार (बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारं, दारं असलेलं कुंड) नाही, कालवा टेकड्यांच्या कडेनं एकच पातळी धरून वळत जातो. माल्पासला तो डोंगरातून पार होतो. हा बोगदा १६७९ सालचा. वर आंसेर्यूनच्या प्राचीन वसाहतीकडे चढ आहे, दीडेक किलोमीटर, दमवणारा. टाळू नका. वरून मोंतादीचं तळं दिसतं, म्हणजे तळ्याची जागा. १२४७ मध्ये ते आटवून शेतं केली. सगळे चर मधल्या बिंदूकडे येतात, त्यामुळे शेतं भाकरीच्या चतकोरांसारखी निमुळती. मध्यावर गोळा झालेलं पाणी याच डोंगराखालच्या भुयारातून बाहेर जातं. एकाच डोंगरात तीन बोगदे: वर कालवा, त्याखाली रेल्वे, सगळ्यात खाली तेराव्या शतकाचं भुयार.

फोंसरानला एकाखाली एक कुंडं, साडेएकवीस मीटरची उतरण. कुंडांच्या भिंती फुगीर आहेत, कारण सुरुवातीच्या एका जलद्वाराच्या सरळ भिंती मातीच्या दाबानं कोसळल्या आणि त्यानंतर रिकेनं कमानीसारख्या बांधल्या. कडेची वाट तीव्र उताराची आणि माणसांनी भरलेली असते, सायकल हातात धरून उतरा.

बेझिएहून परतीसाठी तेजेव्हे ही अतिवेगवान गाडी नको, प्रादेशिक गाडी घ्या. तुलूझला जायला नार्बोनला बदलावी लागू शकते. सायकल टांगायचा आकडा उंच असतो, म्हणून बॅगा फलाटावरच काढून ठेवा, आणि गाडीत चढायच्या आधी टायरचा चिखल झाडून टाका.