व्हेरिएबल कुठलं उचललं जातंय ते कसं ओळखायचं

गिरगावातल्या चाळीत पप्पूला शोधायचं तर आधी खोलीत बघतो, मग मजल्यावर, मग अख्ख्या चाळीत, आणि पहिला पप्पू भेटला की थांबतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं सेम आहे, व्हेरिएबलचं (किंमत साठवायला दिलेलं नाव) नाव शोधताना आधी ते वापरलेलं फंक्शन (कोडचा नाव दिलेला तुकडा), मग त्याच्या बाहेरचं फंक्शन, मग ग्लोबल (सगळ्या फंक्शनच्या बाहेर लिहिलेली नावं), शेवटी बिल्ट-इन (पायथनमध्ये आधीपासून असलेली नावं), नाहीच मिळालं तर नेमएरर, म्हणजे नाव सापडलं नाही.

खरी गोची पुढे आहे. फंक्शनमध्ये अगदी शेवटच्या ओळीत जरी टोटल = 5 लिहिलंत ना, तरी कंपायलर (कोड चालण्यासाठी तयार करणारा भाग) कोड चालायच्या आधीच सिम्बॉल टेबलात (नावांच्या यादीत) टोटलला लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरतं, करून टाकतो, मग वरच्या ओळीत टोटल प्रिंट केलं की अनबाउंडलोकलएरर, म्हणजे लोकल टोटलला अजून किंमतच नाही (माझा चर्चगेट ते बोरिवली अख्खा प्रवास यात गेलाय!). ग्लोबलवालाच बदलायचाय तर फंक्शनच्या सुरुवातीला ग्लोबल टोटल लिहा. तरी डाउट असेल तर पायथनसोबतच येणारं सिमटेबल (symtable) मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याला तुमचा कोड द्या, कोण लोकल कोण ग्लोबल सगळं दिसतं.