भेगेत हात कसा बसवायचा : वागळे इस्टेट ते माहुली

मी धंद्याने फिटर. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे, दोन लेथ, एक ड्रिल मशीन. रविवारी कडे चढतो. क्रॅक क्लाइंबिंगला, म्हणजे खडकाच्या भेगेत हातपाय अडकवून चढण्याला, कुणी ताकदीचा खेळ म्हटलं की मला हसू येतं. ताकदीने धरायला भेगेत काही नसतंच मुळी. इथे पाचर मारायची असते, आणि पाचर म्हणजे आपलाच हात.

आधी हात मोजा. मी व्हर्नियर लावून मोजला. पंजा सपाट २८ मिमी, अंगठा आत दुमडला की ५२, मूठ आडवी ८८. म्हणजे ४० ते ५० मिमीच्या भेगेत माझा पंजा मस्त बसतो आणि ८०च्या पुढे मूठ लागते. ३० मिमीच्या आसपासची भेग मात्र छळते. बोटं सैल पडतात, अंगठ्याचं बूड आत शिरत नाही. तुमचे आकडे वेगळे येतील, पण ते पाठ असू द्या. खालून भेग बघतानाच कुठे हाल होणार ते कळतं.

पंजा बसवायची रीत अशी. बोटं जुळवून, अंगठा वरच्या बाजूला ठेवून हात मनगटापर्यंत आत सरकवा. जिथे भेग खाली जराशी अरुंद होते, त्याच्या बरोबर वर. मग अंगठा तळहातात करंगळीकडे दाबा. अंगठ्याच्या बुडाचा गोळा फुगतो. तो आणि बोटांची टोकं एका भिंतीला, हाताची पाठ दुसऱ्या भिंतीला. आता हात सरळ सोडा, वजन हाडांवर लटकू दे. दंड फुगवून लटकलात तर पाच मिनिटांत संपाल.

पाय बहुतेकांचे चुकतात, कारण लक्ष सगळं हातांकडे. गुडघा बाहेर पाडायचा, बूट उभा करून आत घालायचा (पायाचा अंगठा वर), आणि गुडघा पुन्हा भेगेच्या रेषेत आणायचा. पिळा बसला की त्या पायावर उभं राहता येतं. दुखतं. न दुखणारा फूट जॅम (जॅम म्हणजे भेगेत असा अडकवलेला हात किंवा पाय) बहुधा बसलेलाच नसतो.

सरावासाठी कड्यावर जायची गरज नाही. नौपाड्यात जुनी इमारत पाडत होते, तिथून मी दरवाजाच्या चौकटीचे दोन सागवानी उभे आणले. त्यांना चार ठिकाणी भोकं पाडून १२ मिमीचे थ्रेडेड रॉड घातले. नट फिरवले की फट कमी-जास्त होते. लाकडाला रंधा मारू नका, गुळगुळीत फळीवर हात सटकतो. हाताच्या पाठीला झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी गुंडाळा. तळहात उघडाच ठेवा.

तीन-चार महिने हे झालं की मुंब्रा. स्टेशनवरूनच डोंगराचे कडे दिसतात. तिथे अनुभवी माणसाबरोबर, दोर वरून लावूनच चढा. फ्रेंड (भेगेत उघडून अडकणाऱ्या पाकळ्यांचं साधन) आणि नट (रॉडचा नव्हे, भेगेत अडकवायची धातूची पाचर) लावायला जमिनीवर उभं राहून शिका; पडलात तर दोर त्यांच्यावरच अडतो. माणूस लटकलेला असताना ते शिकायचं नसतं.

त्यानंतर माहुली किल्ल्याचे कडे, म्हणजे कसारा लोकलने आसनगाव आणि पुढे रिक्षा. इथला खडक समजून घ्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि उभा तडकला. ओतकाम केलेल्यांना हे सांगायला नको. त्या तडकण्यातूनच आपल्या भेगा आल्या, आणि सुटे धोंडेही त्यातूनच. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर, मऊ पट्टा लागतो. तिथे भेग अचानक मातीत आणि गवतात संपते. त्या गवतावर भरवसा नको.

फ्रेंडचं गणित मला गाळ्यातच कळलं होतं, तरी मी चुकलो. त्याच्या पाकळ्यांचा कोन साधारण १४ अंशांचा असतो, त्यामुळे खाली ७० किलो लटकले की प्रत्येक भिंतीवर जवळजवळ १४० किलोचा रेटा येतो. पडलात तर कितीतरी जास्त. एकदा उभ्या पातळ शिळेमागे मी फ्रेंड लावला, ओढून पाहिला, तर अख्खी शिळा कपाटाच्या दारासारखी उघडली. तेव्हापासून आधी मुठीने ठोकतो. पोकळ, मडक्यासारखा आवाज आला की तिथे काही लावायचं नाही, जॅमही मारायचा नाही. मागे पक्का कडा असलेलीच भेग घ्यायची. गवत, माती उकरून दोन्ही भिंती दिसेपर्यंत थांबायचं. चढाईपेक्षा या सफाईला जास्त वेळ जातो, तेव्हा चिडू नका.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भेगा गटारासारख्या वाहतात. आग्या मोहोळ दिसलं तर गुपचूप मागे फिरा, अत्तर, धूर, आरडाओरडा काही नको. हेल्मेट खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्या बिलेवाल्यालाही हवं, धोंडा त्याच्याच डोक्यावर जातो. गावात कुणाला तरी सांगून जा की आम्ही कुठल्या कड्यावर आहोत आणि किती वाजेपर्यंत न आल्यास शोधायला या.

आम्ही दुपारी तीनला दोर खाली सोडतो, कितीही थोडं उरलेलं असलं तरी. चिकटपट्टी परतीच्या लोकलमध्ये काढतो, थोडी केसांसकट.