कम्युनिस्ट पक्षाची भूमिका नेमकी कधी बदलली? कागदपत्रं वाचायची रीत

कम्युनिस्ट पक्ष पोथीनिष्ठता सोडून सुधारणेकडे वळला का, हे भाषणांवरून ठरवायला जाऊ नका. जाहीर सभेत ‘आमची भूमिका तीच आहे’ असंच ऐकू येणार. बदल पक्षाच्या कागदांत सापडतो, पण कोणता कागद आधी उघडायचा हे ठाऊक हवं.

कागद चार: पक्ष कार्यक्रम, पक्षघटना, महाधिवेशनाचा राजकीय ठराव आणि संघटनात्मक अहवाल. बहुतेक जण कार्यक्रमापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण तो सगळ्यांत उशिरा बदलतो. माकपचा (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा) कार्यक्रम १९६४चा. तो अद्ययावत झाला २००० साली, तिरुवनंतपुरमला. मधल्या काळात पक्षाने तीन राज्यांत सत्ता चालवली होती. म्हणून आधी ठराव वाचा, मग अहवाल, मग घटना आणि शेवटी कार्यक्रम.

वाचण्याआधी दोन रकान्यांचा तक्ता करा. डावीकडे पक्षाने काय केलं, उजवीकडे काय लिहिलं. १९६४च्या फुटीआधीचा, अविभाजित भारतीय कम्युनिस्ट पक्ष घ्या. १९४८च्या कोलकाता महाधिवेशनात पी. सी. जोशींच्या जागी मुंबईचे बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि उठावाची भूमिका ठरली: उजवा रकाना. ९ मार्च १९४९चा रेल्वे संप फसला: डावा. १९५०मध्ये रणदिवे गेले, १९५१मध्ये नवा कार्यक्रम आला, त्याच ऑक्टोबरात तेलंगणातला सशस्त्र लढा मागे घेतला आणि पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या १६ जागा मिळाल्या. एप्रिल १९५७मध्ये केरळात पक्षाचे नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले. शांततेच्या मार्गाने समाजवाद आणण्याची भाषा पक्षघटनेत आली ती मात्र एप्रिल १९५८ला, अमृतसरच्या विशेष महाधिवेशनात. सरकार आधी, घटना वर्षभराने. त्याच घटनेत ‘सेल’ (सदस्यांचे छोटे, बंदिस्त गट) जाऊन ‘शाखा’ आल्या आणि केंद्रीय समितीच्या जागी राष्ट्रीय परिषद आली. रचनेतले असे बदल लोक वगळतात. वगळू नका; गुप्त संघटना उघड्यावर येतेय याची खूण तिथेच असते.

प्रत्येक वळणापाशी सूचना कुठून आली हेही लिहा. जानेवारी १९५०मध्ये कॉमिनफॉर्मच्या (सोव्हिएत पुढाकाराने चालणाऱ्या युरोपीय कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या) मुखपत्रातल्या अग्रलेखानंतर रणदिवेंचं आसन डळमळलं. संप फसणं हे घरचं कारण, अग्रलेख बाहेरचा. एकालाच सगळं श्रेय देणारं विवरण दिसलं की सावध व्हा.

पुढचं काम किचकट, पण सर्वांत फलदायी: मसुदा आणि मंजूर ठराव शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडणं. माकपमध्ये मसुदा महाधिवेशनाच्या दोन महिने आधी चर्चेसाठी निघतो, त्यामुळे दोन्ही पाठ हाती लागतात. २०१८च्या मसुद्यात काँग्रेसशी ‘समझोता किंवा निवडणूक आघाडी’ नको, असं होतं. हैदराबादला मंजूर झालेल्या ठरावात ‘राजकीय आघाडी’ नको, एवढंच उरलं. समझोत्याची वाट मोकळी झाली. नुसता अंतिम ठराव वाचणाऱ्याला ही ओळ कडक वाटेल.

ज्या वाक्यामागे कायदा आहे, ते वैचारिक बदलात धरू नका. भारताच्या राज्यघटनेवर निष्ठा सांगणारं वाक्य पक्षघटनेत दिसलं की ‘क्रांती सोडली’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. १९८९पासून लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ प्रत्येक नोंदणीकृत पक्षाकडून हे वाक्य मागतं. नोंद करा, गुण देऊ नका.

चीनला हीच रीत लावताना शब्दांची धार मोजा. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या डिसेंबर १९७८च्या ज्या बैठकीतून सुधारणा सुरू झाल्या असं सर्रास लिहिलं जातं, तिथल्या शेतीविषयक मसुद्यात घरागणिक उत्पादनाचा ठेका द्यायला, म्हणजे सामूहिक शेती कुटुंबांकडे वाटून द्यायला, चक्क मनाई होती. त्याच सुमारास अनहुई प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ कुटुंबं चोरून तेच करत होती. सप्टेंबर १९७९च्या पाठात ‘परवानगी नाही’चं ‘करू नये’ झालं, वर डोंगराळ, दुर्गम भागांतल्या एकट्या घरांसाठी अपवाद. केंद्रीय समितीच्या १९८२च्या पहिल्या दस्तऐवजात ही पद्धत समाजवादी म्हणून मान्य झाली. नुसती १९७८ ही तारीख टाकून मोकळं होणाऱ्याच्या हातून हा सगळा प्रवास निसटतो.

फूट पडली की एक बाजू पोथीनिष्ठ, दुसरी सुधारणावादी असे शिक्केही मारू नका. एप्रिल १९६४मध्ये राष्ट्रीय परिषदेतून ३२ सदस्य बाहेर पडले ते दुसऱ्या बाजूला दुरुस्तीवादी (मूळ मार्क्सवाद पातळ करणारे) म्हणत. त्यांच्याच पक्षाने, म्हणजे माकपने, पुढे पश्चिम बंगालमध्ये सलग ३४ वर्षं सरकार चालवलं. त्याची मुभा त्यांच्या कार्यक्रमातल्या कलम ११२मध्ये होती: लोकांना तातडीचा दिलासा देणारी सरकारं. २०००च्या पाठात ते ७.१७ झालं आणि केंद्रातल्या सरकारचाही उल्लेख आला. ज्योती बसूंना पंतप्रधान होऊ द्यायला केंद्रीय समितीने नकार दिला होता, तो १९९६मध्ये. पण कलम आलं म्हणजे ते वापरलं गेलं असं नाही: २००४मध्ये ४३ खासदार असूनही माकपने काँग्रेसच्या आघाडी सरकारला बाहेरूनच पाठिंबा दिला. म्हणून तक्त्यात कलमासमोर ते कोणत्या साली वापरलं हेही लिहा. वापरलं नसेल तर रकाना कोरा ठेवा.