रापी लावण्याआधी: होल्स्टर, पट्टा आणि मोटरसायकलची पिशवी शिवायची तयारी

चामड्यात पाडलेलं छिद्र बुजत नाही. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, पण चामड्यावर आरीचा टोच, रापीचा (चामडं कापायच्या पात्याचा) ओरखडा आणि बॉलपेनची रेघ एकदा उमटली की कायमची. त्यामुळे या कामातले सगळे निर्णय पातं टेकवण्याआधीच घेऊन टाकावे लागतात. नवीन मंडळी बहुधा आधी अवजारांचा भलामोठा संच मागवतात आणि मग काय बनवायचं ते शोधत बसतात. मी क्रम उलटा लावतो. आधी वस्तू कुठे आणि कशी वापरली जाणार ते, मग कागदी साचा, मग कातडं, आणि अवजारं त्यानंतर.

होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, करायचं असेल तर ज्या पिस्तुलासाठी करायचं त्याचं नेमकं मॉडेल लिहून घ्या. कंपनी, नळीची लांबी, नळीखाली दिवा लावलेला आहे का, माणूस उजवा की डावा, कमरेचा पट्टा किती रुंद. नुसतं ‘नऊ एमएमचं’ म्हणून भागत नाही, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत ट्रिगर गार्डचा (चापाभोवतीच्या कड्याचा) आकारसुद्धा वेगळा निघतो. साच्यासाठी त्याच मॉडेलची प्लॅस्टिकची किंवा रेझिनची डमी मिळवा. खरं शस्त्र टेबलावर ठेवणं टाळलेलंच बरं. ते कायद्यात बसत असेल आणि दुसरा इलाजच नसेल, तर मॅगझिन काढलेलं, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत. कागदावर रेघ मारण्याआधी तीन गोष्टी पक्क्या ठरवा: ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला जाईल, तोंड एका हाताने शस्त्र परत घालता येईल इतकं उघडं राहील, आणि झाकणाचा पट्टा किंवा त्याचं बटण ट्रिगरच्या वाटेत येणार नाही. देखणेपणाचं नंतर बघू.

साचा जाड कार्डशीटवर काढा. दुमडून शिवायच्या होल्स्टरला सुरुवातीचा अंदाज असा धरतात: डमीच्या बाहेरच्या रेघेपासून शिवण किती लांब, तर डमीच्या जाडीच्या निम्मं अधिक चामड्याच्या एका थराची जाडी. शिवणीबाहेर कड घासायला आणखी 8 ते 10 मिलिमीटर सोडा. मग कार्डशीट दुमडून स्टेपल मारा, डमी आत घाला, चार वेळा काढा-घाला करून बघा. इथे घट्ट वाटलं तर चामड्यात आणखी घट्ट होणार, कारण कार्डशीट चामड्यापेक्षा खूप पातळ असते. सुरीचं म्यान असेल तर पात्याच्या धारेकडच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी घालायची असते, नाहीतर धार आतून दोराच कापत राहते. ती पट्टीही साच्यातच मोजून ठेवा.

कमरेच्या पट्ट्याचं माप पँटच्या आकड्यावरून घेऊ नका. माणसाचा वापरातला पट्टा मागा आणि बक्कल जिथे दुमडीत बसतं तिथपासून रोज लागणाऱ्या भोकापर्यंत टेप लावा. ते झालं मधलं भोक. त्याच्या दोन्ही बाजूंना 25 मिलिमीटरवर दोन-दोन, म्हणजे एकूण पाच. पुढचं टोक आणि बक्कलाची दुमड यांची लांबी वेगळी धरायची हे विसरलात तर सुंदर कापलेला पट्टा लहान मुलाच्या कामाचा उरतो.

मोटरसायकलच्या सामानात मात्र खरा वेळ गाडीपाशीच जातो, टेबलापाशी नाही. पिशवी पुढच्या फोर्कवर लावायची असेल तर कार्डशीटचा डबा करून तो दोरीने जागेवर बांधा आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. टाकीला, दिव्याला, केबलला कुठे टेकतोय का? मग पुढचा ब्रेक धरून सस्पेन्शन जोरात दाबा आणि चाकाच्या मडगार्डशी किती अंतर उरतं ते बघा. मागच्या बाजूची पिशवी असेल तर रोज बसणाऱ्या माणसाला, आणि मागे कोणी बसत असेल तर त्यालाही, सीटवर बसवूनच माप घ्या. रिकाम्या गाडीवर चार बोटं दिसणारं अंतर दोन माणसं बसली की नाहीसं होतं. सायलेन्सरपासून लांब ठेवणं तर आलंच. सतत गरम राहिलेलं चामडं आकसतं, कडक होतं आणि मग घडीवर तडकतं.

त्याच वेळी आणखी काही टिपून ठेवा. झाकणाची उघडी बाजू वाऱ्याच्या तोंडावर नको, वारा खालून शिरून बटण उचकटतो. पट्ट्याचं मोकळं शेपूट अडकवायला कडं हवंच, कारण लोंबणारा पट्टा चेनमध्ये किंवा चाकात गेला तर पट्ट्यावर निभावत नाही. बक्कलं आणि रिव्हेट यांची आतली बाजू टाकीच्या रंगाला घासणार असेल तर तिथे मऊ चामड्याचं अस्तर लावा. पिशवीच्या तळाला पाणी निथळायला एक छोटं भोक ठेवा. हे भोक मुद्दाम लिहितोय, कारण पावसानंतर पिशवीत साचलेल्या पाण्यात नट खोलायचे पाने भिजत पडतात आणि दोष मात्र चामड्याला मिळतो.

आता कातडं. होल्स्टर, म्यान, पट्टे आणि जाड पिशव्या यांना झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन चामडं घ्या. ते ओलं करून दाबलं की आकार धरतं आणि वाळल्यावर तो आकार सोडत नाही. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ असतं, पाण्याला जास्त टिकतं, पण ओलं करून साच्यात बसवलं तरी वाळल्यावर पुन्हा सैल पडतं. जॅकेट, हातमोजे, अस्तर ही त्याची जागा. ओळखायचं कसं, तर कापलेली कड बघा. क्रोमच्या चामड्याला आतमध्ये निळसर-राखाडी छटा असते, व्हेज टॅनची कड आरपार तपकिरी. रंग चढवलेला असेल तर फसगत होते, म्हणून कोपऱ्याचा ताजा काप मागा. वरून पॉलिश न केलेल्या व्हेज टॅनवर पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच शोषला जाऊन तिथे गडद डाग पडतो.

जाडी पुष्कळ ठिकाणी औंसात सांगतात. 1 औंस म्हणजे 1/64 इंच, साधारण 0.4 मिलिमीटर. होल्स्टरला 7 ते 9 औंस, म्हणजे 2.8 ते 3.6 मिलिमीटर पुरतं. कमरेच्या एकेरी पट्ट्याला 9 ते 10 औंस घ्या. कातड्याचा कुठला भाग मिळतोय हे जाडीपेक्षा महत्त्वाचं मानतो मी. पाठीकडचा भाग घट्ट आणि एकसारखा असतो. पोटाकडचा सैल, ताणला जाणारा. एकच जाडी असली तरी पोटाकडून कापलेला पट्टा काही महिन्यांत लांब होतो आणि वाकडा पडतो. तुकडा हातात घेऊन वरची बाजू आत येईल असा दुमडा. बारीक, जवळजवळच्या सुरकुत्या पडल्या तर ठीक. सालपटासारख्या मोठ्या, पोकळ घड्या पडल्या तर तो तुकडा वजन पेलायच्या कामाला घेऊ नका.

लोखंडाची एक भानगड आधीच समजून घ्या. व्हेज टॅन चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की निळसर काळा डाग पडतो. अवजार कानशीने घासल्यावर बोटांना लागलेला न दिसणारा कीस पुरतो. त्या बोटांनी ओलं चामडं धरलं की तासाभरात ठिपके उमटतात. लिंबाच्या रसाने ते फिके होतात, पण पूर्ण जातील याचा भरवसा नाही. (याच गुणाचा उपयोग करून व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस विरघळवून चामडं काळं करायची जुनी पद्धत आहे, आणि तो काळा हाताला सुटत नाही.) म्हणून टेबल पुसलेलं, हात धुतलेले, ओल्या कामाची जागा धार लावायच्या जागेपासून वेगळी, आणि बक्कलं-रिव्हेट पितळी, तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची. नखंही कापा. ओल्या चामड्यावर नखाची खूण मुद्रेसारखी बसते.

अवजारांत जास्त गर्दी नको. रापी किंवा घट्ट मुठीची सुरी, लोखंडी पट्टी, आरी, टाक्यांची भोकं पाडायचा काटा, काठ तासून गोल करायचं बेव्हलर, भोकं पाडायचे दोन-तीन मापांचे पंच, लाकडी मोगरी, कड घोटायला लाकडी घोटणी, आणि शिवताना तुकडा धरायला लाकडी चिमटा. पंचांवर लोखंडी हातोडी मारू नका, त्यांची डोकी पसरतात. खाली जाड प्लॅस्टिकची पाटी आणि त्याखाली दगडाची फरशी ठेवली की ठोका नीट बसतो. पातं आदल्या दिवशी धारेला लावा आणि कापायला बसण्याआधी हिरवी पेस्ट लावलेल्या चामडी पट्टीवर दहा-बारा वेळा ओढा. बोथट पातं जोर मागतं, आणि जोर लावलेलं पातं पट्टीवरून घसरून अंगठ्याकडे येतं.

दोरा मेण लावलेला, पॉलिएस्टरचा किंवा लिननचा, 0.8 ते 1 मिलिमीटर. जाड कामाला टाक्यांमधलं अंतर 4 ते 5 मिलिमीटर ठेवा. 5 मिलिमीटर म्हणजे इंचाला साधारण 5 टाके. दोन सुयांची हातशिवण घालणार असाल तर सुया बोथट टोकाच्या हव्यात, कारण भोक आधीच पाडलेलं असतं. या शिवणीत प्रत्येक भोकातून दोराची दोन्ही टोकं जातात, त्यामुळे एक टाका तुटला तरी पलीकडचा धरून राहतो. यंत्राच्या टाक्यात तसं होत नाही. दोरा शिवणीच्या लांबीच्या चौपट कापा आणि वर दोन हात सोडा. दोन जाड थर असतील तर आणखी थोडा. मध्येच दोरा संपणं हे दिसायला वाईट आणि डोक्याला तापदायक.

रिव्हेटची लांबी ठरवताना सगळे थर एकत्र चिमटीत धरून मोजा आणि ठोकल्यावर डोकं बसायला आणखी 3 मिलिमीटरच्या आसपास धरा. वजन पेलायच्या जागी तांब्याचे वॉशरवाले रिव्हेट. पोकळ, दाबून बसणारे रिव्हेट सजावटीला आणि हलक्या जोडाला. गाडीवरच्या सामानात स्क्रूवाले रिव्हेट वापरलेत तर आट्यांना थ्रेडलॉकरचा (आटे घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) थेंब द्यावाच लागतो, इंजिनच्या थरथरीने ते सैल होतात.

ओलं करून आकार द्यायचा असेल तर कोमट पाण्याचं भांडं, गुळगुळीत हाडाची किंवा लाकडी पट्टी, आणि डमीला गुंडाळायला किचनमधली पातळ प्लॅस्टिक फिल्म तयार ठेवा. चामडं भिजवल्यावर लगेच दाबू नका. वरचा रंग जवळजवळ मूळचा दिसायला लागतो पण हाताला गार लागतं, तो क्षण पकडा. वाळवायला सावलीतली हवेशीर जागा हवी आणि पुरा एक दिवस. ओव्हन आणि हीटर नकोत. ओलं व्हेज टॅन चामडं 70 अंश सेल्सिअसच्या पुढे आकसायला लागतं, आणि मग ते परत पूर्ववत होत नाही.

रंग, तेल आणि मेण यांची चाचणी त्याच कातड्याच्या उरलेल्या तुकड्यावर आधी करून घ्या. दुसऱ्या कातड्यावरचा रंग इथे तसाच येईल असं नाही. हातमोजे घाला, खिडकी उघडा. होल्स्टरला तेल जेमतेम, कारण तेलाने मऊ पडलेलं होल्स्टर शस्त्र धरून ठेवत नाही. गाडीवरच्या पिशवीला मात्र तेल आणि मेण दोन्ही सढळ हाताने. गिऱ्हाइकाला द्यायची चिठ्ठीही आत्ताच लिहून ठेवा: शस्त्र होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवायचं नाही, चामडं ओलावा धरतं आणि पोलादाला गंज चढतो. पट्ट्यात खोचून ठेवलेल्या पितळी काडतुसांवरही हिरवा थर येतो.

सगळं जमलं की कातडं सपाट पसरा, उजेडाच्या विरुद्ध तिरकं बघून गोचीडाची भोकं, तारेचे ओरखडे आणि डागणीच्या खुणा शोधा, आणि त्यांच्याभोवती आतल्या बाजूने खडूने गोल करा. साचे मांडून, हलवून बघा. रेघ आरीच्या टोकाने हलकी ओढा. पट्टे आधी, तेही पाठीच्या कण्याला समांतर, कारण सरळ आणि लांब जागा फक्त तिथेच असते. पहिली कड लोखंडी पट्टीने सरळ करून घ्या, मग पुढचे पट्टे तिच्यावरून निघतात. त्यानंतर होल्स्टर आणि पिशवीची पाठ, मग झाकण, मग कडी. पोटाकडचा भाग चाचण्यांसाठी बाजूला ठेवा.