जुनी मॅन्युअल गाडी घेण्यापूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्सचे आवाज कसे तपासावेत

आवाजासाठी मराठीत शब्दांचा तोटा नाही. टकटक, ठकठक, खडखड, घरघर, किरकिर असे शब्द आपण सहज वापरतो. पण मालकाची खडखड ही मेकॅनिकची ठकठक असू शकते आणि दोघांचे बोलणे तिथेच फसते. म्हणून जुन्या गाडीची परीक्षा करताना आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाबरोबर बदलतो याकडे अधिक लक्ष द्यावे. गाडीतला प्रत्येक फिरणारा भाग इंजिनाच्या फेऱ्यांशी, चाकांच्या वेगाशी किंवा क्लचच्या पेडलशी बांधलेला असतो. त्यामुळे पेडल दाबल्यावर, गिअर बदलल्यावर किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाजात कोणता फरक पडला हे टिपत गेल्यास संशयित भागांची यादी लवकर आटोक्यात येते.

परीक्षेला सुरुवात थंड इंजिनावर करावी, आणि आम्ही येण्यापूर्वी गाडी सुरू करू नये असे विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. तरीही बोनेटवर हात ठेवून पाहावा. बोनेट कोमट लागले तर परीक्षा दुसऱ्या दिवसावर ढकललेली बरी, कारण पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली झीज ज्या आवाजातून कळते तो आवाज इंजिन तापल्यावर पुष्कळदा नाहीसा होतो. चावी फिरवण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर निरोगी इंजिनसुद्धा टकटकते. उलट ऑइल अनैसर्गिकरीत्या घट्ट आणि चिकट वाटत असेल, तर आवाज दाबण्यासाठी त्यात काही मिसळले असल्याची शंका घ्यावी.

इंजिन सुरू होताना कोणी तरी बाहेर, बोनेटजवळ उभे असावे. हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडण्याच्या कामातले भाग) असलेल्या इंजिनात रात्रभरात ऑइल खाली उतरते, त्यामुळे पहिले दोन-तीन सेकंद होणारी टकटक क्षम्य आहे. मात्र टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या हालचालीशी जुळवून ठेवणारी साखळी) असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ स्विफ्ट, पुंतो आणि इंडिका व्हिस्टा या तिन्हींत आलेल्या १.३ लिटरच्या डिझेल इंजिनात, साखळी घासल्यासारखी खडखड सुरुवातीलाच होऊन रेंगाळत असेल, तर साखळी सैल झाली आहे किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकला आहे असे समजावे. ऑल्टो ८०० सारख्या गाडीत साखळीऐवजी पट्टा असतो. पट्टा जीर्ण झाला तरी खडखडत नाही आणि तुटतो तो बहुधा पूर्वसूचनेशिवाय. तेव्हा तिथल्या शांततेवर न विसंबता तो किती किलोमीटरला बदलला याची पावती मागावी.

आता इंजिनाला संथ चालू ठेवून आवाजाची लय ऐकावी. चार स्ट्रोकच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला सुमारे १३ वेळा आणि कॅम सुमारे ७ वेळा फिरतो. म्हणून वरच्या बाजूने येणारी, तुलनेने संथ आणि हलकी टकटक टॅपेटची असण्याचा संभव मोठा. कित्येक गाड्यांत टॅपेटची फट (क्लिअरन्स) नीट केल्यावर ती जाते. खालून येणारा जड, बोथट ठोका मात्र गंभीर. बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) क्रँकशाफ्टला जिथे जोडतो तिथले बेअरिंग, झिजले असेल तर हा ठोका इंजिन तापून ऑइल पातळ झाल्यावर वाढतो, आणि २००० ते २५०० फेऱ्यांपर्यंत रेस करून पाय पटकन काढला की स्पष्ट ऐकू येतो. थंडपणी ठोकून तापल्यावर शांत होणारा आवाज बहुधा पिस्टनचा असतो, आणि अशी गाडी योग्य किमतीत पुढे काही वर्षे चालूही शकते.

जागा नक्की करण्यासाठी लांब स्क्रूड्रायव्हर हे जुने साधन अजूनही चांगले आहे. त्याचे टोक टॅपेट कव्हर, ब्लॉकची खालची बाजू, अल्टरनेटर अशा ठिकाणी क्रमाने टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. पंखा आणि पट्टे यांच्यापासून ओढणी, बाह्या व केस दूर ठेवावेत. पेट्रोल इंजिनात मालकाच्या परवानगीने, मेकॅनिककडून, एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा प्लग काही क्षण काढून पाहता येतो. ज्या सिलिंडरचे जळण थांबताच ठोका मंदावतो त्याच्या पिस्टनमध्ये किंवा कनेक्टिंग रॉडमध्ये दोष आहे. टॅपेटच्या आवाजावर याचा परिणाम होत नाही. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या इंजिनात, इंजेक्टरचे पाइप सैल करण्याची जुनी पद्धत कधीही वापरू नये. तिथे इंधनाचा दाब हजार बारच्या वर जातो आणि त्याची बारीक धार कातडीत शिरू शकते.

काही आवाज घाबरवतात, पण स्वस्तात मिटतात. एसी लावताच होणारी किंकाळी पट्ट्याची असते. थंडपणी फटफटणारा आणि तापल्यावर बुजणारा आवाज एक्झॉस्टच्या जोडातल्या गळतीचा असतो. ठरावीक फेऱ्यांवरच पत्र्याच्या डब्यासारखे काही वाजत असेल तर सायलेन्सरवरचे उष्णतारोधक पत्रे हलवून पाहावे. मी स्वतः एकदा अशा सैल पत्र्यापायी गिअरबॉक्स उतरवण्याच्या बेतात होतो.

गिअरबॉक्सची सर्वात बोलकी चाचणी गाडी जागेवर उभी असतानाच होते. हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि इंजिन संथ चालू ठेवून क्लचवरून पाय पूर्ण काढावा. या स्थितीत इंजिनाकडून ताकद घेणारा गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरत असतो. आता घरघर ऐकू येत असेल आणि पेडल पूर्ण दाबून काही क्षण थांबल्यावर ती थांबत असेल, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा त्याच्याशी फिरणारे इतर बेअरिंग संशयास्पद ठरते. याउलट पाय काढलेला असताना शांतता आणि पेडलवर भार येताच किरकिर असेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) गेलेले आहे. आधी हलके, मग पूर्ण, अशा दोन टप्प्यांत पेडल दाबल्यास हा फरक नीट उमगतो. ड्युअल मास फ्लायव्हील (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचे, इंजिनाचे धक्के शोषणारे जड चाक) असलेल्या डिझेल गाडीत इंजिन बंद करताना होणारी धडधडही ऐकावी, कारण तो भाग महाग आहे.

त्यानंतर गाडी चालवावी. शक्य तर काचा खाली करून, कंपाउंडच्या भिंतीलगत, कारण भिंतीवरून परतणारा आवाज आत बसून ऐकण्यापेक्षा स्वच्छ असतो. म्युझिक सिस्टीम सुरू करून गप्पा मारणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे थांबवावे. दुसऱ्या गिअरमध्ये घालताना करकर होत असेल तर सिंक्रोनायझर (गिअर पडण्यापूर्वी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारा भाग) झिजला आहे किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. इंजिन बंद ठेवून तोच गिअर सहज पडत असेल आणि चालू असताना सगळेच गिअर अडत असतील, तर दोष क्लचकडे असण्याची शक्यता अधिक. रिव्हर्सला बऱ्याच गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो आणि त्याचे दाते सरळ असतात. त्यामुळे रिव्हर्समधली हूंऽऽ ही दोषाची खूण मानू नये.

एकाच गिअरमध्ये येणारा आवाज त्या गिअरच्या जोडीचा, आणि सगळ्या गिअरमध्ये येणारा आवाज बेअरिंगचा किंवा दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शिअलचा असतो. बोलेरो, ओम्नी अशा मागची चाके ढकलणाऱ्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात ताकद लेशाफ्टमधून (गिअरबॉक्समधल्या बाजूच्या शाफ्टमधून) जात नाही. तेव्हा बाकी गिअरमधली घरघर चौथ्यात कमी होत असेल तर लेशाफ्टकडे बोट जाते. ॲक्सिलरेटर सोडताच लिव्हर उडी मारून न्यूट्रलमध्ये येत असेल तर आतली झीज पुढे गेलेली आहे.

आवाज गिअरबॉक्सचा की चाकांचा, हा घोळ नेहमी होतो. मोकळ्या, सपाट रस्त्यावर ताशी ५० ते ६० किलोमीटर वेग घेऊन क्लच दाबावा आणि गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्यावी. इंजिन मात्र बंद करू नये, कारण त्याने ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका असतो. गुणगुण तशीच राहून वेगाबरोबर उतरत असेल तर चाकांचे बेअरिंग किंवा टायर तपासावेत. डावीकडच्या वळणात वाढणारा आवाज बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगचा असतो, कारण भार तिकडे जातो. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर कटकट होत असेल तर चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचे फाटलेले रबरी बूट आणि उडालेले ग्रीस दिसेल. क्लच सोडताना येणारा एकच धप्प आवाज मात्र इंजिनाच्या फाउंडेशनचा, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेले असते त्या रबरी आधारांचा समजावा.

संशय उरला तर गिअर ऑइल काढून पाहण्याची अट घालावी. चुंबकी प्लगवरचा करडा, बारीक लेप चालतो. कपच्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर बोलणे तिथेच संपवावे. गाडी तरीही घ्यायची असेल आणि केवळ रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरणार असेल, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि क्रँकची मागची ऑइल सील त्याच वेळी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा, कारण उतरवण्या-चढवण्याची मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही.